रायमुंड कुलिकचा कबुलीजबाब

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रायमुंड कुलिक शिडीवर उभा राहून उत्तरेकडच्या गोलाला जाळी बांधत होता. वय सत्तावन्न, अंगाने अजून ताठ, उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. सामना अकराला होता. बोरोवाच्या 'गुर्निक' क्लबात जाळ्या बांधायच्या, रेषा मारायच्या, गवत कापायचं आणि सामना संपला की खेळाडूंचे मोजे गोळा करून धुवायला टाकायचे, ही त्याची अकरा वर्षांची नोकरी. 'गुर्निक' म्हणजे खाणकामगार. क्लब खाणीने काढला होता. खाण बंद पडली, क्लब चौथ्या श्रेणीत घसरला, नाव तेवढं राहिलं.

कुंपणाबाहेरून हुबर्ट कोत्सुर सायकलवर चालला होता. हा खाणीतून निवृत्त झालेला माणूस. मैदानामागे त्याची कबुतरांची खुराडी आहेत आणि रोज सकाळी तो तिकडे जाताना एक पाय कुंपणाला टेकवून थांबतो.

"रायमुंड, जाळी कशाला बांधतोस? लिपनिकावाल्यांच्या वेळी पण बांधलीच होतीस. काय उपयोग झाला?"

"तुझी रविवारची कबुतरं आली का परत?"

"दोन नाही आली."

"मग त्यांनी पण खाल्ले असतील पैसे."

हुबर्ट हसला आणि पेडल मारून निघून गेला. दोघांत वैर नव्हतं. शब्द थोडे बदलायचे, पण हा संवाद दोघांत तेवीस वर्षं चालला होता आणि बोरोवात त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कुलिकने सामना विकला होता, ही गोष्ट गावाच्या दृष्टीने पाण्याच्या टाकीइतकी जुनी आणि पक्की होती.

शिडीवरून उतरला तेव्हा खाली दारेक विल्चोक उभा होता. क्लबाचा अध्यक्ष, आणि एके काळी त्याच संघाचा कप्तान.

"कालच्या सरावात गोलकीपरांचा कोच राजीनामा देऊन गेला," दारेक म्हणाला. "सरहद्दीपलीकडे चेकांकडे चाललाय. मला तू हवा आहेस."

"माझ्यावर बंदी आहे. तहहयात. तुला माहीत नाही?"

"उठते ती. अर्ज करायचा, समितीसमोर जायचं, झालं ते कबूल करायचं. मी नाही केलं? आज अध्यक्ष आहे. चार वाक्यांचं काम आहे, रायमुंड."

"मी केलं नाही ते कबूल करू?"

दारेकने इकडेतिकडे बघितलं. मैदानात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"हे बघ, बाकीच्यांसमोर कर नाटक. माझ्यासमोर तरी नको."

दारेकला खरंच तसं वाटत होतं. रायमुंडच्या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत कडू भाग आहे. ज्याने त्याला बुडवलं तो माणूस खोटं बोलत नव्हता.

रायमुंड बोरोवाचाच. बाप खाणीत, आजा खाणीत. सतराव्या वर्षी त्याला क्लबाने घेतलं आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे खाणीच्या पटावर इलेक्ट्रिशियन म्हणून त्याचं नाव लागलं. खाली तो दोनदाच गेला, त्यातलं एकदा फोटो काढायला. पहिल्या श्रेणीत तो चौदा हंगाम खेळला. उडी मारून चेंडू झेलणारा, प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात असा गोलकीपर तो कधीच नव्हता. तो जागा बरोबर पकडायचा, त्यामुळे उडी मारायची वेळच क्वचित यायची. एकदा राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावणं आलं. तीन गोलकीपरांतला तो तिसरा. डेन्मार्कमध्ये राखीव बाकावर बसला, राष्ट्रीय संघाचा ट्रॅकसूट घेऊन परत आला, पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. "माझ्यापेक्षा ते दोघं चांगले होते," असं तो सरळ सांगायचा.

एकोणीसशे शहाण्णवच्या जूनमध्ये हंगामाचा शेवटचा सामना होता, घरच्या मैदानावर, लिपनिकाच्या संघाशी. बोरोवा मधोमध, वर जायची आशा नाही की खाली पडायची भीती नाही. लिपनिकाला श्रेणीत टिकण्यासाठी बरोबरी पुरणार होती. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं असे. ज्याला गुणांची गरज नाही त्याने ते गरजवंताला सोडायचे. पुढच्या वर्षी आपली वेळ आली की ते परत मिळायचे. ह्या व्यवहाराला सगळे 'सहकार' म्हणत. त्यात चोरी आहे असं फार थोड्यांना वाटे. शेजाऱ्याला शिडी उसनी देण्यासारखंच ते होतं, फक्त सोबत एक पाकीट असायचं.

सामन्याआधी दारेकने कपडे बदलायच्या खोलीत दार लावून घेतलं.

"दुसऱ्या अर्ध्यात आपण पेनल्टी देऊ. झिगमुंट पाडेल त्यांच्या माणसाला. रायमुंड, तू फक्त चुकीच्या बाजूला झेप घे."

"मी दिसेल त्या बाजूला झेप घेणार."

"अरे, पेनल्टी आहे. कोण विचारतंय तुला?"

"मग मला कशाला सांगतोस?"

कुणीतरी हसलं. दारेकनेही विषय वाढवला नाही. पेनल्टी तशीही बहुतेक वेळा आत जाते.

बोरोवाने पहिल्या अर्ध्यात एक गोल केला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि रायमुंड उत्तरेकडच्या गोलात आला. तिथे, गोलरेषेपासून चार पावलांवर, जमीन बसली होती. बोरोवात जमीन सगळीकडेच बसते. खालून कोळसा काढला की वरचं गाव हळूहळू उतरतं. दारं घासून घ्यावी लागतात, भिंतींना चिरा जातात, टेबलाच्या एका पायाखाली लोक घडी घातलेला कागद ठेवतात. मैदान अपवाद नव्हतं. तो खळगा रायमुंडला पाठ होता. आदल्या दिवशी त्याने स्वतः तो वाळूने भरून, ठोकून, वर गवताचा तुकडा बसवला होता. भरलाय म्हटल्यावर त्याने तो डोक्यातून काढून टाकला. चूक झाली असेल तर ही झाली.

सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास झिगमुंटने चेंडू मागे, रायमुंडकडे दिला. साधा, हळू चेंडू, आजूबाजूला शत्रूचा माणूस नाही. त्याच्या तरुणपणी असा चेंडू हाताने उचलता यायचा. नियम बदलून चार वर्षं झाली होती, आता तो पायाने मारायचा. त्याने पाय मागे घेतला. रात्रीतून वाळू खाली बसली होती. खळग्याच्या काठावर चेंडू वीतभर उडाला, त्याच्या बुटावरून गेला आणि रांगत रांगत गोलरेषा ओलांडून जाळीच्या आधीच थांबला. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. हवेत पाय मारून रायमुंड आडवा पडला होता.

 प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. नाणी पडायला लागली. दारेक पळत आला, त्याला उठवण्याच्या निमित्ताने वाकला आणि कानाशी म्हणाला, "शाब्बास. पण जरा लवकर केलंस."

पेनल्टीची गरज उरली नाही. सामना बरोबरीत सुटला. लिपनिका टिकलं.

त्या संध्याकाळी त्याच्या बुटात पाकीट होतं. त्याने ते दारेकच्या बॅगेत टाकलं आणि घरी गेला. दारेकने समजूत करून घेतली की ह्याला सरळ तिकडूनच मिळालं असणार. खळग्याबद्दल रायमुंडने सोमवारी व्यवस्थापकाला सांगितलं. व्यवस्थापक खाणीचा नोकर. मैदान खचलं असं क्लबाने म्हणायचं म्हणजे खाणीमुळे गाव खचतंय असं खाणीच्याच क्लबाने म्हणायचं. त्या वसंतात खाणीच्या मोजणीवाल्यांनी मैदान सपाट असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे मैदान सपाटच होतं.

गावाला त्या खळग्याची माहिती होती, पण तिचा रायमुंडला उपयोग झाला नाही. हुबर्ट कोत्सुर तेव्हाही म्हणाला होता, "स्वतःच्या घरातली पायरी कुणी चुकतं का?"

त्याच्यावर विश्वास ठेवणारं माणूस एकच, त्याची थोरली बहीण त्रुडा. लग्न केलं नव्हतं. ती चर्चसमोरच्या खाटकाच्या दुकानात काउंटरवर उभी असे आणि बोरोवातल्या निम्म्या घरांचं रविवारचं मांस तिच्या हातून जाई. तिने भांडण केलं नाही. जो कुणी तिच्यासमोर भावाबद्दल बोलला त्याला ती तेव्हापासून चरबीचं टोक आणि हाडं बांधून द्यायला लागली.

"त्रुडा, हे काय? ह्यात मांस कुठे आहे?"

"मैदानावर शोधा. तुम्हाला तिथलं सगळं दिसतं."

लोक तीन चौक लांब दुसऱ्या खाटकाकडे जायला लागले. दुकानदार तिला बोलला, ती ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी तेच करी. शाळेपासूनची मैत्रीण हिल्डा एकदा नुसतं एवढंच म्हणाली, "अगं, केलं असेल, सगळेच करतात, त्यात काय एवढं." त्रुडा त्या दिवसापासून हिल्डाशी बोलली नाही. हिल्डाने दोनदा माणूस पाठवला. गेल्या हिवाळ्यात हिल्डा वारली. त्रुडा मयताला गेली नाही. खिडकीतून अंत्ययात्रा जाताना बघितली आणि पडदा ओढला.

खेळणं थांबवल्यावर रायमुंड क्लबाच्या गोलकीपरांना शिकवायला लागला. ते काम त्याला खेळण्यापेक्षा बरं जमायचं. मग देशभर जुन्या सामन्यांची चौकशी सुरू झाली. पकडून आणण्याआधी जो आपण होऊन सांगेल त्याला सवलत होती, आणि लोक सांगायला रांगा लावायला लागले. दारेक पहिल्यांत गेला. त्याला गोष्ट पूर्ण सांगायची होती आणि लिपनिकाच्या सामन्याची गोष्ट गोलकीपरशिवाय पूर्ण होत नव्हती. मागोमाग झिगमुंट आणि आणखी दोघांनी तेच सांगितलं. चौघांना दोन-दोन वर्षांची बंदी झाली, ती कधी संपली ते त्यांनाही आठवत नाही. रायमुंडवर खटला उभा राहण्याइतका पुरावा नव्हता. पण शिस्तपालन समितीने त्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, कशाचा? त्याला तहहयात बंदी झाली. कारण दिलं होतं, पश्चात्तापाचा अभाव.

मैदान राखायला बंदी आड येत नव्हती. शिकवायला येत होती. अकरा वर्षं तो गोलामागे दाताळं घेऊन गवत ओढत राहिला आणि समोर तरुण गोलकीपर चुकीच्या पायावर उभे राहत राहिले.

दारेकच्या बोलण्याला त्याने सप्टेंबरात नकार दिला, पण म्हणूनच तो नकार त्याला नीट ठेवता आला नाही. रोज काढून बघत राहिला. दोन आठवड्यांनी पहिल्या संघाचा गोलकीपर, चोवीस वर्षांचा कामिल, डावीकडे झेपावला, हात ताठ ठेवून पडला आणि त्याचा खांदा निखळला. कामिल ताठ हातावर पडतो हे रायमुंड मार्चपासून बघत होता. स्ट्रेचर नेताना त्याला कामिलचं ओरडणं ऐकू येत होतं. संध्याकाळी तो अध्यक्षाच्या खोलीत गेला.

"अर्ज कुठे आहे?"

पुढे त्याने सगळ्यांना सांगितलं की कामिलच्या खांद्यामुळे. असेलही. शिवाय तो सत्तावन्न वर्षांचा होता आणि थकला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी कातोवित्से शहरात तो समितीसमोर बसला. तिघं जण. मधली बाई वकील होती आणि तिला पुढच्या प्रकरणाची घाई होती.

"श्रीयुत कुलिक, चेंडू तुम्ही मुद्दाम जाऊ दिलात?"

"हो."

"कसा?"

ह्याची त्याने तयारी केली नव्हती. खरं कसं झालं ते तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. खोटं जागेवर बनवायचं होतं. त्याने गोलकीपरसारखा विचार केला, मुद्दाम करायचं असतं तर कसं केलं असतं?

"पाय थोडा उशिरा खाली आणला," तो म्हणाला. "दिसू नये इतकाच उशिरा. चेंडूकडे न बघता झिगमुंटकडे बघितलं, म्हणजे लक्ष उडालं असं वाटावं."

उजवीकडचा सभासद जुना खेळाडू होता. त्याने मान हलवली. "बरोबर. मी तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं. तसंच दिसत होतं."

बाईने विचारलं, पश्चात्ताप होतो का. तो हो म्हणाला. ते मात्र खरं होतं.

बंदी उठली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने खेळाच्या पानावर अर्धा रकाना दिला आणि पायाचं ते वाक्य जसंच्या तसं छापलं.

दोनच दिवसांनी एक नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, मृतांच्या आठवणीचा. सगळं बोरोवा मेणबत्त्या आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन कब्रस्तानात असतं. रायमुंड आईबापांच्या कबरीवरची पानं झाडत होता, तर लोक येऊन त्याचा हात हातात घ्यायला लागले. ज्यांनी त्या दिवशी नाणी फेकली होती तेही होते. हुबर्ट कोत्सुरने टोपी काढली.

"शेवटी माणसासारखा वागलास, रायमुंड. एवढंच हवं होतं गावाला. चल, संध्याकाळी बिअर माझ्याकडून."

"तू इतकी वर्षं टोमणे मारत होतास."

"ते तू कबूल करत नव्हतास म्हणून. आता संपलं. आता तू आपल्यातला."

संध्याकाळी तो बिअर प्यायला गेला. नाही म्हणायला कारण काय सांगणार होता?

त्रुडा त्या दिवशी कब्रस्तानात कुटुंबाच्या कबरीपाशी आली नाही. ती खालच्या बाजूला, हिल्डाच्या कबरीपुढे उभी होती. हातात मेणबत्ती होती, पेटवलेली नव्हती.

रविवारी नेहमीप्रमाणे तो तिच्याकडे जेवायला गेला. ती बटाट्याचे गोळे वळत होती आणि प्रत्येक गोळ्यात अंगठ्याने खळी पाडत होती. बस म्हणाली नाही.

"पेपर बघितलास ना?" तो म्हणाला. "त्रुडा, ते सगळं खोटं आहे. कामासाठी म्हणालो. तुला तर माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"की मी नाही केलं."

"मला तू सांगितलं होतंस की नाही केलं. त्यांना सांगितलंस की केलं. मी तिथे गोलात नव्हते." ती गोळे वळत राहिली. "कधी खोटं बोललास? तेव्हा की आता?"

"आता."

"केलं असतंस तरी आता हेच म्हणाला असतास."

"अगं, बहीण आहेस तू माझी!"

"पाय उशिरा खाली आणला. दिसू नये इतकाच उशिरा. झिगमुंटकडे बघितलं." तिला ते पाठ झालं होतं. "इतकं बारीक खोटं कुणी रचतं का, रायमुंड? तेवीस वर्षं तू मला वाळू आणि खळगा सांगितलास, त्यातसुद्धा इतकं बारीक काही नव्हतं."

"गोलकीपर आहे मी. मला माहीत असतं असं कसं करतात."

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणतेय."

तो उभाच होता. चुलीवर लाल कोबी शिजत होता, ती ढवळायला वळली आणि पाठ त्याच्याकडे करून बोलली.

"मी त्या दुकानात लोकांना हाडं बांधून दिली. मालकाची बोलणी खाल्ली. ते जाऊ दे. हिल्डा म्हणाली होती, केलं असेल, त्यात काय एवढं. नऊ शब्दसुद्धा नव्हते. आणि आता तूच सगळ्या जिल्ह्याला सांगतोस, केलं. मी तिला कुठे शोधू आता? तूच सांग."

"मी नाही केलं, त्रुडा."

"मग आणखी वाईट," ती म्हणाली. "मग तू चार गोलकीपरांसाठी मला विकलंस. लिपनिकाला विकलं असतंस तर मी समजून घेतलं असतं."

तो न जेवता निघाला. तिने जिन्यापर्यंत सोडायला येणं हे दर रविवारचं, त्या दिवशी आली नाही.

आता नोव्हेंबर संपत आला आहे. रायमुंड आठवड्यातून चार दिवस गोलकीपरांचा सराव घेतो. कामिलच्या खांद्याला आणखी दोन महिने लागतील, पण तो रोज येऊन बाजूला बसतो आणि बाकीच्यांना पडताना बघतो. राखीव गोलकीपर आता हात दुमडून पडायला शिकला आहे आणि गेल्या दोन सामन्यांत संघाने गोल खाल्लेला नाही. शिकवताना रायमुंड चांगला दिसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. हुबर्ट सकाळी कुंपणाशी थांबतो, "नमस्कार, कोच," म्हणतो आणि पुढे जातो. थट्टा करत नाही. मध्यंतरी रायमुंडनेच त्याला कबुतरांबद्दल विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "ठीक आहेत, धन्यवाद."

त्रुडाला त्याने तीनदा फोन केला. ती उचलते, आवाज ऐकते आणि म्हणते, "बोल." मग तो फोन ठेवून देतो.

उद्या रविवार. सेंट बार्बराच्या चर्चमध्ये प्रार्थना दोन असतात, सकाळी साडेसातची आणि साडेदहाची. त्रुडा साडेदहाच्या प्रार्थनेला जाते. रायमुंड हल्ली साडेसातच्या.